भातसेचे नकाशे

मुंबईहून नाशिकच्या बाजूस जाणाऱ्या आगगाडीनें कल्याण सोडलें, कीं टिटवाळा, खडवली हीं स्टेशनें मागें पडतात आणि वाशिंद येतें. मुंबईपासून हें अंतर सुमारें ८० किलोमीटर आहे. शहापूर तालुक्यांतील हें गांव भातसा नदीच्या कांठीं वसलेलें आहे. पूर्वेस सह्याद्रीची रांग, जवळच माहुलीचा डोंगर, मध्यें भाताचीं खाचरें आणि त्यांतून वळणें घेत जाणारी नदी, असा हा मुलूख. मुंबईच्या नळांना जें पाणी येतें, त्यांतील जवळजवळ निम्मा भाग याच नदीवरील धरणाचा असतो. म्हणजे शहरांतील घराघरांत सकाळीं ज्या पाण्याचा चहा होतो, त्याचें आणि पावसाळ्यांत भातसेच्या कांठीं अंगणांत शिरणाऱ्या पाण्याचें कुळ एकच आहे. शहराला या नदीचें दान तेवढें ठाऊक असतें. तिचा कोप कांठच्या गांवांनीं सोसावयाचा असतो.

या नदीचें मोजमाप आजवर तीन निरनिराळ्या हेतूंनीं झालें. पहिलें आगगाडीसाठीं झालें, दुसरें शहराच्या पाण्यासाठीं झालें, आणि तिसरें आकाशांतून फिरणारे उपग्रह अद्यापि करीत आहेत. या तिसऱ्या मोजमापाला 'दूरसंवेदन' म्हणतात, आणि त्यावरून नकाशे रचण्याच्या पद्धतीला 'भौगोलिक माहिती प्रणाली' असें नांव आहे. नांवें भारदस्त आहेत. परंतु त्यांनीं ज्याचें उत्तर द्यावयाचें तो प्रश्न अगदीं घरगुती आहे. उद्यां नदी वाढली, तर पाणी कोणाच्या दारापर्यंत येईल, आणि तें येण्यापूर्वीं त्याला कोण सांगेल?

प्रथम आगगाडीची हकीकत पाहूं जातां असें दिसतें, कीं १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबई ते ठाणें ही पहिली गाडी धांवली, १ मे १८५४ रोजीं मार्ग कल्याणपर्यंत पोहोंचला, आणि १ ऑक्टोबर १८५५ रोजीं तो वाशिंदपर्यंत खुला झाला. त्यानंतर सव्वाचार वर्षांहून अधिक काळ वाशिंद हेंच या फांट्याचें अखेरचें स्टेशन होतें. आसनगांवपर्यंतचा टप्पा ६ फेब्रुवारी १८६० रोजीं उघडला, आणि थळ घाट चढून गाडी इगतपुरीस पोहोंचण्यास १ जानेवारी १८६५ हा दिवस उजाडावा लागला. या कामाचे मुख्य इंजिनियर जेम्स जॉन बर्कले हे होते. घाटांत बोगदे खोदणें जितकें अवघड, तितकेंच कोंकणांतील नद्यानाल्यांवर टिकाऊ पूल बांधणेंही अवघड होतें. कारण येथील ओढे उन्हाळ्यांत कोरडे ठणठणीत असतात आणि आषाढांत त्यांचें रूप ओळखूं येत नाहीं. पुलाची उंची ठरवावयाची, तर नदी पूर्वीं किती चढली होती हें कळलें पाहिजे. पावसाच्या व प्रवाहाच्या नोंदी नसलेल्या त्या काळांत याचें उत्तर झाडाच्या बुंध्यावरील गाळाची रेघ, देवळाची पायरी आणि गांवांतील म्हाताऱ्या माणसांची आठवण यांखेरीज कोठें मिळणार?

तथापि तें मोजमाप एका रेषेपुरतें होतें. रुळांच्या दोहों बाजूंची थोडी जमीन मोजली, कीं काम भागे. रूळ पुरांतून वांचावे हा हेतु. गांव वांचावें हा त्या हिशेबांतील विषय नव्हता. उलट, भराव घालून उंचावलेला मार्ग हा पाण्याच्या वाटेंतील बांधच असतो, आणि त्याखालच्या मोऱ्या अपुऱ्या पडल्या तर वरच्या अंगाला पाणी तुंबतें, हा अनुभव पुढें अनेक ठिकाणीं आला.

त्याच शतकांत सर्व्हे ऑफ इंडियानें देशाचे तपशीलवार नकाशे काढले. डोंगर, ओढे, वाड्या, विहिरी, देवळें हें सर्व त्यांत आलें, आणि कालांतरानें सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्चरेषाही आल्या. एका सेंटिमीटरास अर्धा किलोमीटर या प्रमाणावर पुढें निघालेल्या नकाशांत अशा दोन रेषांमध्यें बहुधा २० मीटरांचें अंतर असतें. घाटांतील रस्ता आंखावयास एवढी बारकाई पुरेशी आहे. परंतु गांवांत शिरणारें पाणी एक-दोन मीटरांच्या फरकानें एक घर बुडवितें आणि शेजारचें घर सोडून देतें. तेव्हां ज्या २० मीटरांत नकाशा मुका राहतो, त्यांतच पुराची सारी कथा घडते. नकाशा चुकीचा नव्हे. त्याला हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

दुसरें मोजमाप पाण्याच्या सांठ्यासाठीं झालें. वाढत्या मुंबईची तहान भागविण्यासाठीं शहापूर तालुक्यांतील तानसा नदीवर बांधलेलें धरण १८९२ सालीं कामीं आलें. पुढच्या शतकांत वैतरणा व भातसा या नद्यांची पाळी आली. भातसेवरील धरण सुमारें ८८ मीटर उंच असून त्याच्या जलाशयांत सुमारें ९७६ दशलक्ष घनमीटर पाणी मावतें. १९८० नंतरच्या दशकांत हें धरण पुरें होऊन भरूं लागलें. धरणांतून सोडलेलें पाणी नदीच्या पात्रानेंच खालीं येतें आणि पिसें येथील बंधाऱ्यापाशीं उचलून शुद्धीकरणानंतर शहराकडे नेलें जातें. धरणासाठीं पाणलोटाचें क्षेत्र मोजावें लागलें, पावसाचें मान पाहावें लागलें, आणि कल्पनेंत येऊं शकेल अशा मोठ्यांत मोठ्या पुराचाही अंदाज बांधावा लागला. परंतु हें सारें गणित भिंत शाबूत राहावी आणि जलाशय भरावा या दोन उद्देशांभोंवतीं फिरत होतें.

धरण झाल्यावर नदी ताब्यांत आली, असा समज सहज होतो. तो अर्धाच खरा आहे. धरणाच्या वर पडलेला पाऊस कांहीं काळ जलाशयांत अडतो, हें खरें. परंतु जलाशय भरल्यावर दरवाजे उघडणें भाग पडतें, आणि तेव्हां नदीकांठच्या गांवांना सावधगिरीचा इशारा द्यावा लागतो. शिवाय धरणाच्या खालीं जे ओढे व उपनद्या भातसेला मिळतात, त्यांना कोठलाच दरवाजा नसतो. ७ जुलै २०२४ रोजीं हें लख्ख दिसून आलें. मुंबईच्या तलावांतील सांठा घटल्यामुळें शहरांत ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात चालू होती. म्हणजे धरणें भरलेलीं नव्हतीं. तरी त्या दिवशीं शहापुरांतून वाहणाऱ्या भारंगी नदीचें पाणी वस्तींत शिरलें, आटगांवच्या पुढें रुळांवर माती आली, वाशिंदजवळ झाड कोसळून मार्ग अडला, आणि कसारा व टिटवाळा यांमधील गाड्या बंद पडल्या. शहापूर भागांतील एका विश्रामस्थानीं अडकलेल्या ४९ जणांना राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलानें बाहेर काढलें. एकाच नदीच्या एका टोंकाला पाण्याची टंचाई आणि दुसऱ्या टोंकाला पुराची धांदल! धरणाच्या पातळीकडे पाहून गांवाच्या पुराचा अंदाज बांधणें किती धोक्याचें आहे, हें यावरून कळतें.

पावसाचेंही तसेंच आहे. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेंत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि त्याच अवधींत कुलाब्याच्या वेधशाळेंत अवघा ७३ मिलिमीटर. दोन ठिकाणांमधील अंतर तीस किलोमीटरांच्या आंतलें! त्या पावसानें मुंबईप्रमाणेंच कल्याण, बदलापूर आणि उल्हास नदीच्या खोऱ्यांतील वस्त्यांचीही दैना केली. पाऊस इतका ठिकठिकाणचा असेल, तर चार-दोन पर्जन्यमापकांवरून सबंध खोऱ्याची कल्पना कशी यावी? त्या दिवशीं मुंबईंत ढगांची हालचाल दाखविणारें डॉप्लर रडार नव्हतें. तें पुढें आलें. जमिनीवरचा एकेक ठिपका मोजण्यापेक्षां सबंध प्रदेश एका दृष्टिक्षेपांत पाहण्याची गरज या घटनेनें सर्वांना पटविली.

वरून पाहण्याची ही इच्छा जुनी आहे. १८५८ सालीं, म्हणजे वाशिंद हें आगगाडीचें अखेरचें स्टेशन असतांनाच, फ्रान्समध्यें नादार नांवाच्या छायाचित्रकारानें बलूनमध्यें बसून आकाशांतून छायाचित्र घेतलें. महायुद्धांच्या काळांत विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून नकाशे काढण्याची कला पूर्णत्वास गेली. भारतांत या विद्येचा पाया घालण्याचें श्रेय प्रा. पी. आर. पिशारोटी यांना देतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक तेच होते. १९७० सालीं त्यांच्या मार्गदर्शनाखालीं केरळांतील नारळींचीं छायाचित्रें अवरक्त किरणांना जाणणाऱ्या फिल्मवर आकाशांतून घेण्यांत आलीं, आणि रोगट झाडें डोळ्यांस दिसण्यापूर्वीं त्यांत वेगळीं दिसलीं. जमिनीवर उभें राहून न कळणारी गोष्ट वरून कळूं शकते, याचा हा आपल्या देशांतील पहिला धडा.

२३ जुलै १९७२ रोजीं अमेरिकेनें लँडसॅट मालिकेंतील पहिला उपग्रह सोडला. पुढच्याच वर्षीं मिसिसिपी नदीला मोठा पूर आला, आणि पुरापूर्वींचें व पुरांतील अशीं दोन चित्रें शेजारीं ठेवून पाणी कोठवर पसरलें हें शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. भारतांत १९७४ सालीं हैदराबाद येथें राष्ट्रीय दूरसंवेदन संस्था स्थापन झाली. १७ मार्च १९८८ रोजीं आय. आर. एस.-१ अ हा या मालिकेंतील पहिला भारतीय उपग्रह बैकानूर येथून उडाला. त्याच वर्षीं नागपुरास महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सुरू झालें. शेती, वनें, भूजल यांच्या नकाशांसाठीं या चित्रांचा उपयोग वेगानें वाढला.

पुराच्या कामांत मात्र एक मोठी अडचण होती. हे उपग्रह सूर्यप्रकाशांत पाहत. आणि कोंकणांत ज्या दिवशीं पूर येतो, त्या दिवशीं सूर्य कोठें असतो? ढगांच्या छताखालीं नदी काय करीत आहे, हें अशा डोळ्याला दिसणें अशक्य. यावर तोड म्हणून रडार बसविलेले उपग्रह आले. रडार सूर्याची वाट पाहत नाहीं. तें स्वतः सूक्ष्म विद्युच्चुंबकीय लहरी खालीं सोडतें आणि जमिनीवर आपटून परत येणारा प्रतिध्वनि टिपतें. पांच-साडेपांच सेंटिमीटर लांबीच्या या लहरी ढगांतून व रात्रीच्या अंधारांतूनही आरपार जातात. युरोपनें १९९१ सालीं ई. आर. एस.-१ हा असा उपग्रह सोडला. भारताचा रिसॅट-१ हा २६ एप्रिल २०१२ रोजीं गेला, युरोपचा सेंटिनेल-१ अ हा एप्रिल २०१४ मध्यें, भारताचा ई. ओ. एस.-०४ हा १४ फेब्रुवारी २०२२ रोजीं, आणि भारत व अमेरिका यांनीं मिळून बनविलेला निसार हा ३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोट्याहून गेला.

रडारच्या चित्रांत पाणी ओळखण्याचें तत्त्व सोपें आहे. स्थिर पाणी आरशासारखें असतें. तिरप्या पडलेल्या लहरी त्यावरून पलीकडे निसटून जातात, उपग्रहाकडे परत येत नाहींत. म्हणून पाणी काळें दिसतें. खडबडीत जमीन, झाडें, दगड यांवरून लहरी चोहोंकडे विखुरतात, कांहीं परत येतात, आणि तो भाग उजळ दिसतो. पुरापूर्वींच्या चित्रांत जें उजळ होतें आणि पुराच्या चित्रांत जें काळें पडलें, तें पाण्याखालीं गेलें, असा हा हिशेब.

परंतु वाशिंदच्या परिसरांत हा हिशेब लावूं जातां तीन ठिकाणीं ठेंच लागते. पहिली भाताच्या खाचरांची. जुलैंत चिखलणी करून लावणी होते, तेव्हां प्रत्येक खाचरांत शेतकऱ्यानें मुद्दाम पाणी कोंडलेलें असतें. रडारला तें काळेंच दिसतें. जें पाणी शेतकऱ्याच्या आनंदाचें, तें नकाशांत आपत्ति म्हणून उमटावयाचें! दुसरी ठेंच डोंगरांची. उंच कड्यांच्या पलीकडच्या बाजूस लहरी पोहोंचत नाहींत. ती सांवलीही काळी, आणि अनभ्यस्त डोळ्याला ती तळें वाटते. तिसरी ठेंच वस्तीची. घराची भिंत आणि खालचें पाणी यांच्या कोंपऱ्यांत लहरी दोनदां आपटून नेमक्या मागें परततात. त्यामुळें पाण्यानें भरलेली आळी काळी न दिसतां उलट उजळ दिसते, आणि जेथें माणसें अडकलीं आहेत तोच भाग नकाशांत कोरडा राहण्याचा संभव असतो. या चुका टाळतां येतात. उताराचा नकाशा खालीं ठेवला तर डोंगराची सांवली गाळतां येते. लावणीच्या दिवसांतील मागील वर्षांचीं चित्रें ताडून पाहिलीं तर खाचरें वेगळीं काढतां येतात. वस्तीसाठीं निराळी रीत वापरावी लागते. पण त्यासाठीं नकाशा करणाऱ्याला येथली शेती, येथले डोंगर आणि येथल्या आळ्या ठाऊक असाव्या लागतात.

याहून मोठी मर्यादा वेळेची आहे. सेंटिनेल-१ मालिकेंतील एक उपग्रह त्याच वाटेवरून पुन्हां १२ दिवसांनीं जातो. निसारचा फेराही १२ दिवसांचाच आहे. अनेक उपग्रहांचीं चित्रें एकत्र केलीं तर हें अंतर कमी होतें; तरी तें तासांवर येत नाहीं. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णा व पंचगंगा यांच्या पुरानें सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांत पाणी कित्येक दिवस उभें राहिलें. तशा विस्तीर्ण, संथ पुरांत उपग्रहाचें चित्र अत्यंत उपयोगी पडतें. कोणतीं गांवें वेढलीं गेलीं आहेत आणि मदत कोठून पोहोंचेल, हें त्यावरून ठरवितां येतें. भातसेची जात निराळी. सह्याद्रीच्या कड्यावरून उतरलेलें पाणी थोड्याच तासांत वाशिंदला येतें, आणि पाऊस उघडला तर तितक्याच लगबगीनें ओसरतें. उपग्रह डोक्यावर येईपर्यंत लोक अंगणांतला चिखल उपसूं लागलेले असतात.

मग अशा गांवाला या विद्येचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो पूर पाहण्यांत नसून पुरापूर्वीं जमीन जाणण्यांत आहे. फेब्रुवारी २००० मध्यें अमेरिकेच्या एंडेव्हर या अंतराळयानानें ११ दिवसांत पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची रडारनें मोजली. ५ मे २००५ रोजीं भारतानें कार्टोसॅट-१ हा उपग्रह सोडला. त्यावरील दोन कॅमेरे एकच जागा दोन कोनांतून पाहत, आणि माणसाला दोन डोळ्यांनीं जशी खोली कळते तशी त्यांवरून जमिनीची उंची काढतां येई. अशा मोजमापांतून दर ३० मीटरांवर एकेक उंची सांगणारे भूरूपाचे तक्ते तयार झाले. पाणी उताराकडे धांवतें हा निसर्गाचा नियम आणि हे तक्ते यांची सांगड घातली, कीं कोणत्या डोंगरावरचें पाणी कोणत्या ओढ्यांतून कोठें उतरेल, हें संगणक सांगूं शकतो.

येथेंही सावधगिरी हवीच. अशा तक्त्यांत कांहीं मीटरांची चूक असूं शकते. दाट झाडींत तर जमिनीऐवजीं झाडांच्या शेंड्यांची उंची नोंदली जाते. शिवाय जमीन बदलते. २००० सालीं मोजलेल्या भूरूपांत आजचे भराव, नव्या वसाहती, बुजविलेले ओढे दिसणार कोठून? शहापूर तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणें हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. असा प्रत्येक मोठा मार्ग पाण्याच्या जुन्या वाटा थोड्याफार बदलतो. आणि नदीच्या पाण्याखालचें पात्र तर कोणत्याही साध्या उपग्रहाला दिसत नाहीं; तेथें होडी व मोजणीचें यंत्र घेऊन माणसानेंच उतरलें पाहिजे.

आतां भौगोलिक माहिती प्रणालीकडे वळावें. हिचें मूळ एका नकाशांत सांपडतें. १८५४ सालीं लंडनमध्यें पटकीची सांथ आली, तेव्हां डॉ. जॉन स्नो यांनीं मेलेल्या माणसांच्या घरांवर खुणा करून एक नकाशा तयार केला. खुणा एका विशिष्ट सार्वजनिक पंपाभोंवतीं दाट दिसल्या, आणि रोग पाण्यांतून पसरतो या त्यांच्या मताला पुष्टि मिळाली. रस्ते, घरें, पंप आणि मृत्यू या चार निरनिराळ्या गोष्टी एकाच कागदावर आल्या, तेव्हां जें कोणालाच दिसत नव्हतें तें दिसूं लागलें. पुढें १९६० नंतर कॅनडांत रॉजर टॉमलिन्सन यांनीं तेथील जमिनीच्या पाहणीसाठीं हेंच काम संगणकावर आणलें. पारदर्शक कागदांची चळत एकावर एक ठेवावी, तशी ही रचना असते. एका थरांत उंची, दुसऱ्यांत ओढे, तिसऱ्यांत घरें, चौथ्यांत रस्ते, पांचव्यांत शाळा व दवाखाना. कोणताही थर उचलावा, कोणताही बदलावा, आणि प्रश्न विचारावा.

वाशिंदसाठीं तो प्रश्न असा मांडतां येईल. धरणांतून पाणी सोडलें, कीं त्याचा आंकडा क्यूसेकमध्यें जाहीर होतो. एक क्यूसेक म्हणजे दर सेकंदास एक घनफूट, सुमारें २८ लिटर पाणी. हा आंकडा इंजिनियरला पुरेसा बोलका आहे. परंतु नदीकांठच्या गृहिणीला त्यावरून काय समजावें? तिला हवें असतें तें एवढेंच, कीं पाणी कोणत्या पायरीपर्यंत येणार, किती वाजतां येणार, आणि कोणत्या रस्त्यानें बाहेर पडावें. नदीच्या पात्राचे जागोजागचे आडवे छेद मोजलेले असले, तर अमुक प्रवाहास पाण्याची पातळी किती चढेल हें गणितानें निघतें. ती पातळी भूरूपाच्या तक्त्यावर ठेवली, कीं बुडणारी जमीन कळते. त्यावर घरांचा व रस्त्यांचा थर ठेवला, कीं क्यूसेकचा आंकडा उंबरठ्यांच्या यादींत उतरतो. या विद्येचें गांवाच्या कामीं येणारें सार तेवढेंच आहे: प्रवाहाची भाषा पायऱ्यांच्या भाषेंत सांगणें.

महाराष्ट्रांत याची शासकीय बाजू पूररेषा या नांवानें परिचित आहे. सरासरीनें २५ वर्षांतून एकदां येणारा पूर जेथवर पोहोंचतो ती निळी रेषा, आणि १०० वर्षांतून एकदां येणारा पूर जेथवर पोहोंचतो ती लाल रेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध, आणि निळ्या व लाल रेषांमधील पट्टा निर्बंधित मानतात. या शब्दांनीं पुष्कळांचा गैरसमज होतो. गेल्या वर्षीं पूर येऊन गेला, आतां पुढें २४ वर्षें चिंता नाहीं, असा याचा अर्थ नव्हे. दर वर्षीं चार टक्के संभव, असा याचा अर्थ आहे. निळ्या रेषेच्या आंत ज्यानें घर बांधलें आणि जो तेथें २५ वर्षें राहिला, त्याच्या वांट्याला निदान एकदां तरी असा पूर येण्याचा संभव शेंकडा ६४ आहे. लाल रेषेवरच्या घरांत ३० वर्षें काढणाऱ्यासही हा संभव शेंकडा २६ आहे. मुंबईला रोज ये-जा करणाऱ्या कुटुंबांनीं वाशिंद, आसनगांव या बाजूस स्वस्तांत घर मिळतें म्हणून वस्ती वाढविली आहे. जागा पाहतांना स्टेशन किती मिनिटांवर आहे हें सर्व विचारतात; ती कोणत्या रेषेच्या आंत आहे, हेंही त्याच आवाजांत विचारलें गेलें पाहिजे.

मुंबई शहरासाठीं 'आयफ्लोज' नांवाची पूरसूचना देणारी यंत्रणा १२ जून २०२० रोजीं सुरू झाली. पाऊस, भरतीओहोटी, नाले, उंची व वस्ती यांची सांगड घालून कोणत्या भागांत किती पाणी सांचेल, याचा अंदाज तींत बांधला जातो. शहरासाठीं हा विचार झाला हें योग्यच झालें. परंतु ज्या खोऱ्यानें शहराला पाणी दिलें, त्या खोऱ्यांतील गांवांसाठीं तोच विचार तितक्याच बारकाईनें व्हावा, ही अपेक्षा अवाजवी नाहीं. २७ जुलै २०१९ रोजीं शेजारच्या उल्हास नदीच्या पुरांत वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून सुमारें १०५० प्रवाशांना बाहेर काढावें लागलें. तेव्हां साऱ्या देशाचें लक्ष त्या रुळांकडे लागलें. रुळांच्या पलीकडच्या वाड्यांचा पूर मात्र बहुधा बातमीच्या शेवटच्या ओळींत येतो.

आणि नकाशांत न येणारें एक मोजमाप आणखी आहे. वरून छप्पर दिसतें. छपराखालीं अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे कीं नाहीं, हें दिसत नाहीं. कौलारू घर दिसतें. नदीच्या उतारावर उभी केलेली कातकऱ्याची गवती झोंपडी झाडाखालीं लपून जाते. नदी नेमकी कोठून गांवांत शिरते, कोणता ओढा उलटा फुगतो, कोणत्या विहिरीचें पाणी आधीं गढूळ होतें, हें कांठीं मासे धरणाऱ्यास व खाचर राखणाऱ्यास ठाऊक असतें. २००५ चें पाणी कोणत्या भिंतीला कोठवर लागलें होतें, हें दाखविणारीं माणसें आज गांवोगांवीं आहेत. वीस वर्षांनंतर त्यांतलीं किती असतील? त्यांनीं दाखविलेली प्रत्येक खूण उंचीसह नोंदून घेतली, तर उपग्रहाच्या तक्त्यांतील चूक तिच्यावरून सुधारतां येईल. बर्कलेच्या काळीं पुलाची उंची ठरवितांना जी साक्ष कामीं येई, तीच साक्ष या शतकाच्या नकाशालाही लागते. फरक इतकाच, कीं तेव्हां ती पुलासाठीं घेतली जाई. आतां ती साक्ष देणाऱ्याच्याच घरासाठीं घ्यावयाची आहे.

म्हणून भातसेच्या या तिसऱ्या मोजमापाचें चीज व्हावयाचें, तर तयार झालेला नकाशा कचेरींतील संगणकांत राहून चालणार नाहीं. तो मराठींत, आळ्यांच्या व पाड्यांच्या चालू नांवांनिशीं, ग्रामपंचायतींत आणि शाळेच्या भिंतीवर लागला पाहिजे. दर पावसाळ्यापूर्वीं सुधारला गेला पाहिजे. आणि धरणावरून इशारा सुटला, कीं तो वाचून कोणाच्या दारावर प्रथम थाप मारावयाची, हें ठरलेलें असलें पाहिजे. पूर टाळणें बहुधा माणसाच्या हातीं नसतें. तो कोणाच्या उंबऱ्याशीं केव्हां येणार हें आधीं कळविणें मात्र आतां पुष्कळ अंशीं हातीं आलें आहे. हें काम ज्यांच्यावर सोंपविलेलें आहे, त्यांनीं तें पहिल्या सरीपूर्वीं उरकावें; कारण भातसेचें पाणी डोंगरावरून निघाल्यावर वाशिंदला फार वेळ देत नाहीं.